एक धनी की अनेक गिऱ्हाईके?

(वालीव येथील गाळ्यांतील तरुण कामगार व लहान व्यावसायिक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



निमंत्रण देताना आपण मला जो विषय कळवला तो असा : हाती पाच-सहा गिऱ्हाईके असताना नोकरी चालून आली, तर ती घ्यावी काय? अर्थशास्त्राच्या माणसाला असा प्रश्न विचारणे धोक्याचे असते, कारण उत्तर देण्याऐवजी तो प्रश्नाचीच चिरफाड करीत बसतो. मीही थोडीफार चिरफाड करणार आहे. परंतु होय किंवा नाही असे काहीतरी सांगितल्यावाचून खाली बसणार नाही, एवढे आश्वासन प्रारंभीच देऊन ठेवतो.

हा प्रश्न वालीवमध्ये विचारला जावा, यात मला नवल वाटत नाही. महामार्गालगतच्या या पट्ट्यात, वालीव, सातिवली, गोखिवरे या गावांच्या शिवारांत, गाळ्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. कुठे प्लास्टिकचे मोल्डिंग चालते, कुठे लेथ, कुठे खोकी तयार होतात. यांतील बहुसंख्य गाळेवाले स्वतःचा माल बाजारात विकीत नाहीत. ते मोठ्या कारखान्याचे जॉबवर्क करतात. म्हणजे गाळ्याचा मालक कामगाराच्या दृष्टीने धनी असला, तरी मोठ्या कारखान्याच्या दृष्टीने तो गरज लागेल तेव्हा बोलवायचा माणूसच असतो. इचलकरंजीत खर्चीवाला यंत्रमागधारक ज्या स्थितीत असतो, म्हणजे माग स्वतःचा, सूत व्यापाऱ्याचे आणि मजुरी पिकावर, त्याच जातीची ही स्थिती आहे. तेव्हा संकेतस्थळे तयार करून देणारी जी मुले-मुली आज या परिसरात घरी संगणक मांडून बसली आहेत, त्यांनी काही अपूर्व जीवनपद्धती शोधून काढली आहे, असे मी मानत नाही. यंत्र बदलले, संबंध जुनेच आहेत. मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात नगावर दिल्या जाणाऱ्या मजुरीसाठी एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले आहे. मजूर अशा पद्धतीत आपण होऊनच अधिक वेगाने आणि अधिक तास राबतो, देखरेखीचीही गरज उरत नाही, असे त्याचे निरीक्षण होते. रात्री दोन वाजता गिऱ्हाइकाच्या दुरुस्त्या करीत बसलेल्या मुलीला हे प्रकरण वाचून दाखवायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट आपण विसरू नये. या वसई-विरार पट्ट्यात गिरणगावातून आलेली असंख्य कुटुंबे आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत लालबाग-परळची बिऱ्हाडे उत्तरेकडे सरकत नालासोपारा, विरार, वसईपर्यंत पोहोचली. या घरांमध्ये 'कायम नोकरी' या दोन शब्दांना देवघरातले स्थान आहे. परंतु तीच कायम नोकरी एका संपात आणि त्यामागोमागच्या गिरणीबंदीत कशी नाहीशी झाली, याचीही आठवण त्याच घरांत आहे. म्हणून घरातली मुलगी जेव्हा म्हणते, 'नोकरी घेऊ की नको?', तेव्हा आजी एक उत्तर देते, वडील दुसरे देतात, आणि दोन्ही उत्तरांच्या पाठीशी खराखुरा अनुभव असतो.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळतो. ही मुलगी माझ्या परिचयातली आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. तिचे वडील येथल्याच एका गाळ्यात लेथवर आहेत, आणि तेही ठेकेदाराच्या हजेरीपटावर. पदवीनंतर गेली चार वर्षे ती संकेतस्थळे बांधण्याचे काम स्वतंत्रपणे करते. गिऱ्हाईके सहा : दोन गाळेवाले, एक दवाखाना, एक शिकवणी वर्ग, एक मुंबईतला निर्यातदार, आणि एक दुबईत स्थायिक झालेला मराठी गृहस्थ. तिला अंधेरीतील एका कंपनीकडून नोकरीचे पत्र आले आहे. वर्षाला चार लाख ऐंशी हजार रुपये. मोहल्ल्यात पेढे वाटावेत असा आकडा. ती माझ्याकडे आली तेव्हा मी तिला म्हटले, आधी वही काढ. पुढचे आकडे तिच्याच वहीतले आहेत, फक्त मी ते ठोकळ केले आहेत.

चार लाख ऐंशी हजार म्हणजे महिना चाळीस हजार. पण कंपनीच्या भाषेत हा 'खर्च' असतो, पगार नव्हे. त्यात कंपनीने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधी अठराशे रुपये धरलेला आहे. २०१४ मध्ये ठरलेल्या पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेवर बारा टक्के, एवढाच. ग्रॅच्युइटीपोटी सुमारे साडेनऊशे रुपये धरलेले आहेत. मग तिच्या वाट्याचे अठराशे आणि व्यवसाय कराचे दोनशे वजा होतात. हाती पडतात पस्तीस हजार दोनशे. वालीवहून शेअर रिक्षा, वसई रोडहून लोकल, अंधेरीत पुन्हा बस आणि बाहेरचा चहा-नाश्ता यांचे तीन हजार वजा करा. उरले बत्तीस हजार दोनशे. ईएसआयचा दवाखाना तिला मिळणार नाही, कारण २०१७ मध्ये ठरलेल्या एकवीस हजारांच्या वेतनमर्यादेच्या ती वर जाते.

आता दुसरी बाजू. गेल्या वर्षी तिने पाच लाख चाळीस हजारांची बिले केली. वर्ष संपेपर्यंत हाती आले चार लाख साठ हजार. ऐंशी हजार रुपये येणे राहिले. संगणकाची झीज, इंटरनेट, होस्टिंग, सॉफ्टवेअरची वर्गणी, आणि वसई पूर्वेला वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने घ्यावा लागलेला इन्व्हर्टर, असा सगळा खर्च छप्पन्न हजारांचा. उरले चार लाख चार हजार, म्हणजे महिना तेहतीस हजार सहाशे. मात्र ही सरासरी आहे. एका महिन्यात तिला एकाहत्तर हजार मिळाले होते, आणि एका महिन्यात चार हजार.

तासही मोजले. नोकरीत नऊ तास काम आणि जाण्यायेण्याचे तीन, असे रोजचे बारा. पाच दिवसांचे साठ. घरच्या कामात तिचे आठवड्याला साठच तास जातात, पण त्यांपैकी पस्तीस तासांचेच पैसे मिळतात. बाकीचे पंचवीस तास दरपत्रके देण्यात, 'थोडासा रंग बदलून बघा' अशा फुकटच्या दुरुस्त्यांत, आणि पैशांसाठी फोन करण्यात जातात. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला दिवसातून एक गाडी सुरू झाली, तेव्हा प्रवास ही सोय होती. आज तो तीन तासांचा बिनपगारी श्रम आहे. पण गिऱ्हाइकाच्या फोनची वाट पाहणे हाही बिनपगारी श्रमच. थोडक्यात, हातातला पैसा जवळपास सारखा, तास सारखे. मग फरक कुठे आहे?

फरक अनिश्चितता कोणी सोसायची यात आहे. फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये जोखीम, अनिश्चितता आणि नफा यांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या जोखमीचे गणित मांडता येते तिचा विमा उतरवता येतो. जिचे गणितच मांडता येत नाही ती अनिश्चितता उद्योजक आपल्या अंगावर घेतो, कामगाराला ठरलेले वेतन देतो, आणि या सोसण्याचा मोबदला म्हणजे नफा, असा त्याचा युक्तिवाद. भांडवलशाहीचे यापेक्षा सभ्य समर्थन माझ्या वाचनात नाही. चाळीस वर्षे मी ते वर्गात शिकवले. परंतु या समर्थनाचा पाया असा आहे की अनिश्चितता मालक सोसतो. आमच्या या मुलीच्या बाबतीत ती कोण सोसते? निर्यातदाराचा माल बंदरात अडकला तर तिचे बिल थांबते. शिकवणी वर्गात मुले कमी आली तर पहिली कात्री संकेतस्थळाच्या देखभालीवर. सहा लहान उद्योजकांची अनिश्चितता एका तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीच्या खात्यात गोळा होते, आणि नफा मात्र ज्याचा त्याच्याकडे राहतो.

येथे कुणी म्हणेल, म्हणूनच नोकरी घ्यावी. थांबा. नोकरीचे पत्र पूर्ण वाचू या.

त्यात सहा महिन्यांचा परिविक्षा काळ आहे. या काळात कंपनी पंधरा दिवसांच्या सूचनेने काढू शकते. तिला मात्र सोडायचे तर साठ दिवसांची सूचना. आणि एक कलम असे की, नोकरीत असताना अन्य कोणाचेही सशुल्क वा विनाशुल्क काम करता येणार नाही. ही कलमे आज सरसकट छापलेली असतात, आणि मुले ती वाचीत नाहीत. १८७२ च्या करार कायद्याचे सत्ताविसावे कलम व्यवसायाला बंदी घालणारा करार शून्यवत ठरवते. त्यामुळे नोकरी सोडल्यानंतर अमुक ठिकाणी काम करू नकोस ही अट बहुधा न्यायालयात टिकत नाही. पण नोकरी चालू असतानाची बंदी टिकते. गंमत अशी की बंदी घालणारी कंपनी स्वतः अनेक गिऱ्हाइकांची कामे एकाच वेळी करते आणि तिला त्याचा अभिमान असतो. अनेक धन्यांची चाकरी करणे भांडवलाला शोभते, श्रमाला शोभत नाही!

काहीजण यावर चोरवाट काढतात : नोकरी घ्यायची आणि रात्री गुपचूप जुनी कामे करायची. मी ती सुचवणार नाही. २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांचेही काम करतात म्हणून तीनशे जणांना काढले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. लपूनछपून केलेल्या कामात हक्क मागता येत नाही. गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तरी तोंड दाबून बसावे लागते.

तेव्हा तराजू असा आहे. नोकरी घेतली की सहा गिऱ्हाईके सुटणार. ती जमवायला चार वर्षे लागली. परिविक्षेत काढून टाकले तर नोकरीही नाही आणि गिऱ्हाईकेही नाहीत, कारण दवाखाना काही सहा महिने संकेतस्थळ बंद ठेवून तिची वाट पाहणार नाही. उलट नोकरी नाकारली तर दुसरी नोकरी केव्हातरी मिळू शकते. एक दार आतून कडी लागणारे आहे आणि एक नाही. अशा वेळी मिळकतीचे आकडे सारखे असतील, तर जो निर्णय मागे फिरवता येतो त्याला अधिक किंमत द्यावी, हे अर्थशास्त्राचे साधे तत्त्व आहे; शेतकऱ्याला ते न शिकवता समजते, म्हणून तो बियाण्याचे पोते शेवटी विकतो.

शिवाय नोकरी ही पूर्वीची नोकरी राहिली आहे काय? टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. ज्या नावावर मुलींची लग्ने ठरत असत, तेथे ही स्थिती. दुसरीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आल्यापासून गिऱ्हाईकही म्हणू लागले आहे की, 'हे यंत्र तासाभरात करते, तुम्ही पंधरा हजार कसले मागता?' म्हणजे भीती दोन्ही घरांत आहे. मी तंत्रज्ञानाचा भविष्यवेत्ता नव्हे. मात्र दवाखान्याच्या बाईंना काय हवे आहे हे समजून घेण्याचे काम यंत्राला सांगावेच लागते आणि ते सांगणारा माणूस लागतो, एवढे मला दिसते.

मी पुन्हा त्या ऐंशी हजारांकडे येतो, कारण या साऱ्या हिशेबातला सर्वांत बोलका आकडा तोच आहे. कंपनी तिच्यासाठी भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून वर्षाला किती घालणार? सुमारे तेहतीस हजार. म्हणजे ज्या 'सुरक्षिततेसाठी' घरातले सगळे नोकरी घे म्हणतात, तिची मालकाच्या बाजूची वार्षिक किंमत तेहतीस हजार रुपये. आणि तिने गिऱ्हाइकांना बिनव्याजी वापरायला दिलेली रक्कम तिच्या दुपटीहून अधिक! लेथवाल्याची मुलगी निर्यातदाराला भांडवल पुरवते आहे. बँक तिला घरासाठी कर्ज देताना पगाराची चिठ्ठी मागते. ती मात्र कुणालाही कसलीच चिठ्ठी न मागता उधार देते.

गाळेवाल्यांना मी येथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. आज येथे काही गाळेवाले बसले आहेत, आणि त्यांचेही म्हणणे खरे आहे की मोठ्या पार्टीकडून त्यांना तीन-तीन महिने पैसे येत नाहीत. वरच्याने थकवायचे, मधल्याने पुढे ढकलायचे आणि शेवटच्याने उपाशी राहायचे, अशी ही उतरंड आहे. पण या उतरंडीवर कायदा आहे, आणि तो आपल्यापैकी किती जणांनी वापरला?

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसंबंधीचा २००६ चा कायदा सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. संकेतस्थळ बांधणारी एकटी मुलगीसुद्धा आधार आणि पॅनच्या आधारे 'उद्यम' नोंदणी विनामूल्य करू शकते, आणि कायद्याच्या भाषेत सूक्ष्म उद्योग ठरते. मग गिऱ्हाइकाने लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज. तक्रार सुलभीकरण परिषदेकडे करायची, तीही घरबसल्या संगणकावरून. निवाड्याविरुद्ध गिऱ्हाइकाला न्यायालयात जायचे असेल, तर त्याने निवाड्याच्या रकमेपैकी पाऊण हिस्सा आधी भरावा लागतो. २०२३ च्या वित्त कायद्याने तर असे केले की, सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. एवढे सगळे असून मुले गिऱ्हाइकाला 'सर, प्लीज पेमेंट' असे संदेश पाठवीत बसतात! अर्थात, नोंदणी काम घेण्यापूर्वीची असलेली बरी; मागाहून केली की वाद उपस्थित होतात. आणि तक्रार केली की गिऱ्हाईक जाते, हेही खरे. एकट्याने केलेल्या तक्रारीची किंमत एकट्याला मोजावी लागते, म्हणूनच संघटना लागते.

येथवर मी प्रश्न तिच्या अंगणात राहून पाहिला. आता थोडे वर चढून पाहू, कारण माझ्या मते या मुलीला करावी लागणारी निवड ही मुळातच लादलेली निवड आहे. एका बाजूला एक धनी, आणि त्याच्याकडे भविष्यनिर्वाह निधी, रजा, ग्रॅच्युइटी. दुसऱ्या बाजूला अनेक गिऱ्हाईके, आणि त्यांच्याकडे यांपैकी काहीही नाही. हे निसर्गाने असे ठेवलेले नाही. १९४८ चा राज्य विमा कायदा आणि १९५२ चा भविष्यनिर्वाह निधी कायदा करताना आपण सुरक्षितता मालकाच्या खुंटीला टांगली. तेव्हा कारखाने वाढणार, सारे श्रमिक हळूहळू त्यांत सामावले जाणार, अशी सार्वत्रिक समजूत होती. सामावले गेले नाहीत. २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमबल पाहणीत देशातील कामकऱ्यांपैकी ५८ टक्क्यांहून अधिक स्वयंरोजगारी आढळले, आणि नियमित वेतनाचे २२ टक्क्यांच्याही आत. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने गिग कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये सत्त्याहत्तर लाख धरली होती, आणि २०२९-३० पर्यंत ती दोन कोटी पस्तीस लाखांवर जाईल, असा अंदाज दिला होता. खुंटी लहान आणि टांगणारे अगणित, असा हा प्रकार.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतील सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगार हा शब्द प्रथमच कायद्यात आणला, हे मान्य केले पाहिजे. मध्यस्थ कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नाही, एवढी वर्गणी द्यावी, अशी त्यात तरतूद आहे. घरोघर जेवण पोहोचवणाऱ्याला याचा काही उपयोग होईल. परंतु आमच्या या मुलीचा मध्यस्थ कोण? दवाखान्याने तिला थेट काम दिले, निर्यातदाराने थेट दिले. ज्याच्याकडून वर्गणी घ्यायची असा कोणीच नाही. दोन्ही छपरांच्या मधल्या फटीत ती उभी आहे.

एका माणसाला अनेक मालक असतील तर सुरक्षितता देणे अशक्यच आहे, असे ज्यांना वाटते त्यांना मी या महाराष्ट्राचाच एक कायदा दाखवू इच्छितो. १९६९ चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांनी ज्यांना संघटित केले ते माथाडी कामगार कोणाचे नोकर होते? सकाळी एका पेढीची पोती, दुपारी दुसऱ्या वखारीची, संध्याकाळी तिसऱ्याचा ट्रक. प्रत्येक व्यापारी म्हणे, हा माझा माणूस नव्हे. या कायद्याने त्या वादातच न शिरता एक मंडळ उभे केले : सरकार, मालक आणि कामगार या तिघांच्या प्रतिनिधींचे. व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरायची, आणि तिच्यावर लेव्ही भरायची. मंडळ साऱ्या मालकांकडून आलेली मजुरी एकत्र करून कामगाराला देणार, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधोपचार पाहणार. मालक कोण हा प्रश्न शिल्लकच राहिला नाही; काम झाले की त्यामागोमाग वर्गणी आली. पुढे १९८१ मध्ये याच धर्तीवर सुरक्षा रक्षकांचे मंडळ झाले. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये केंद्राने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवला, तोही याच विचाराने : मजूर आज या इमारतीवर आणि उद्या त्या इमारतीवर असला, तरी हरकत नाही.

आक्षेप मला ठाऊक आहेत. माथाडी मंडळांच्या नावाखाली काही ठिकाणी खंडणीखोर टोळ्या फोफावल्या, कारखानदारांची ती तक्रार खोटी नाही. अशा टोळ्यांचा बंदोबस्त केलाच पाहिजे, पण बनावट नोटा निघतात म्हणून कोणी चलन बंद करीत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पोते डोळ्यांना दिसते, बाजार एका जागी असतो; संकेतस्थळाचे काम कोण पाहणार आणि लेव्ही कोण वसूल करणार? यावर माझे उत्तर असे की, पैसा बँकेतूनच जातो, आणि मोठे गिऱ्हाईक आजही या मुलीच्या बिलातून आयकर कापून सरकारकडे भरते. कर कापायला ती सापडते. मग निवृत्तिवेतनाची वर्गणी जमा करायलाच ती का सापडू नये? जर्मनीत १९८३ पासून स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलावंतांसाठी व लेखकांसाठी अशीच व्यवस्था आहे. विम्याची निम्मी वर्गणी कलावंत भरतो, तीस टक्के त्याच्या कामाचा वापर करणाऱ्या संस्थांवरील आकारणीतून येतात, आणि वीस टक्के सरकार घालते.

आपल्या मुलीचा हिशेब पुन्हा घ्या. कंपनी तिच्यासाठी घालणार असलेले तेहतीस हजार हे तिच्या हाती आलेल्या चार लाख साठ हजारांच्या सात टक्क्यांच्या आसपास आहेत. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाने बिलावर शेकडा सात रुपये मंडळाकडे भरले, तर अंधेरीच्या कंपनीतले मालकाच्या वाट्याचे संरक्षण तिला वालीवमध्ये घरी बसून मिळते. पंधरा हजारांच्या बिलावर एक हजार पन्नास. माथाडींची लेव्ही याच्या कितीतरी अधिक असते, कारण तीत रजा आणि बोनसही येतात. आपण सातपासून सुरुवात करू. महाराष्ट्र शासनाकडे मागणी करायची तर ती ही आहे : असे मंडळ स्थापन करा, वर्गणी बिलाबरोबर वसूल करा, आणि उद्या ही मुलगी नोकरीत गेली तर तेच खाते तिच्याबरोबर जाऊ द्या. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला. ज्या राज्याने १९६९ मध्ये वाट पाडली, त्याने मागे राहण्याचे कारण काय?

मंडळ काही येत्या पंधरवड्यात होत नाही, आणि कंपनीला उत्तर पंधरवड्यातच द्यायचे आहे. म्हणून मी दिलेले आश्वासन आता पुरे करतो. मी तिला सांगितले ते असे. कंपनीला लेखी कळव की देखभालीची दोन जुनी कामे, जी कंपनीच्या व्यवसायाशी स्पर्धा करीत नाहीत, ती परिविक्षा संपेपर्यंत चालू ठेवण्याची परवानगी पत्रातच द्यावी, आणि सूचनेचा काळ दोन्ही बाजूंना सारखा असावा. हे मान्य झाले तर नोकरी घे. दोन वर्षे चार अनुभवी माणसांच्या संगतीत काम शिकणे याला मोल आहे, आणि घरी एकटीने बसून ते मिळत नाही. मान्य झाले नाही, तर नकार दे, सहाही गिऱ्हाइकांशी लेखी करार कर, निम्मी रक्कम आगाऊ घे, आणि दरमहा अडीच हजार सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीत टाक. मात्र ज्या घरात दुसरी मिळकतच नाही, किंवा आजारपणाचे कर्ज डोक्यावर आहे, तेथे हा सल्ला लागू करू नका. तेथे महिन्याच्या ठरावीक तारखेला येणारे पस्तीस हजार हे सरासरीच्या पस्तीस हजारांपेक्षा खूप मोठे असतात, आणि तेथे कलम कसेही असले तरी नोकरी घ्यावी लागते. निवडीचे स्वातंत्र्य कोणाला किती, हेही शेवटी घरच्या भाकरीवर ठरते.

आपल्यापैकी ज्यांची बिले पंचेचाळीस दिवसांहून अधिक काळ थकली आहेत, त्यांनी गिऱ्हाइकाचे नाव, बिलाची तारीख आणि रक्कम एका कागदावर लिहून आज जाण्यापूर्वी माझ्याकडे द्यावी. ज्यांची उद्यम नोंदणी झालेली नाही, त्यांनी येत्या रविवारी सकाळी आधार आणि पॅन घेऊन याच जागी यावे. ती येथेच बसून भरू. गाळेवाल्यांनीही आपल्या मोठ्या पार्ट्यांची थकबाकी घेऊन यावे. अर्ज तोच आहे आणि परिषदही तीच आहे.